बाबांचं ट्रोपोनिन

ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन, मोजणं हे माझं रोजचं काम. मी एका रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाची ट्यूब हातात पडली की ती बाकी सगळ्यांच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये जाते, आणि आकडा मर्यादेपलीकडे गेला की आम्ही लगेच फोन करून वॉर्डला कळवतो. त्या फोननंतर पलंगाशेजारी काय घडतं, ते मात्र मी पहिल्यांदा पाहिलं बाबांच्या आजारपणात. त्यांना सेप्सिस, म्हणजे संसर्गातून सगळ्या शरीराला बसणारा तडाखा, झाला होता आणि सुरुवातीला सगळ्यांनी तो हार्ट अटॅक धरला. हे सविस्तर लिहितेय, कारण आयसीयूबाहेरच्या बाकांवर भेटलेल्या कितीतरी नातेवाइकांच्या हातात असाच रिपोर्ट होता आणि तोंडी एकच प्रश्न, "म्हणजे हार्टचंही आहे का?"

बाबा ७१ वर्षांचे, मधुमेह जुना. थोडी कणकण आणि लघवीला जळजळ होती, ती त्यांनी अंगावर काढली. मग एका रात्री हुडहुडी भरून ताप चढला आणि पहाटे ते दादाला ओळखेनात. जवळच्या लहान रुग्णालयात नेलं तेव्हा रक्तदाब ७८/४४, नाडी १३०च्या घरात. ईसीजीत काही टी लहरी उलट्या दिसल्या म्हणून ट्रोपोनिन पाठवलं. ते आलं ०.२१, शेजारी ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह'. दादाचा मला फोन आला, "बाबांना अटॅक आलाय. रक्त पातळ करायचं इंजेक्शन देऊन अँजिओग्राफीला हलवू म्हणतायत."

"छातीत दुखत होतं का?"

"नाही."

"ताप?"

"एकशे तीन."

"लघवी होतेय?"

"कालपासून फारशी नाहीच."

मी दादाला म्हटलं, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन दे. ते तरुण डॉक्टर घाईत होते, पण माझ्याशी नीट बोलले. शरीराला पुरेसं रक्त पोचेनासं झालं की वाढणारं लॅक्टेट त्यांनी आधीच पाठवलं होतं. ते आलं ४.८, निरोगी माणसात दोनच्या आत असतं. प्लेटलेट्स ८४ हजार. एवढ्या कमी प्लेटलेट्स पाहून त्यांनी स्वतःहूनच हेपॅरिन, म्हणजे ते रक्त पातळ करायचं इंजेक्शन, थांबवलं, कुठले जंतू आहेत ते कळायला ब्लड कल्चर घेतलं, अँटिबायोटिक चालू केलं, सलाइन लावलं आणि आयसीयू असलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवायची तयारी केली. त्या पहिल्या तासात त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन.

२०१६ साली सेप्सिसची जी व्याख्या ठरली तिचा मतलब असा: संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद ताळतंत्र सोडतो आणि त्यातून अवयव निकामी व्हायला लागतात. मूत्रपिंडं, फुप्फुसं, मेंदू, यकृत, रक्त गोठण्याची यंत्रणा, काहीही. या यादीत हृदयही आहे, पण घरच्यांना ते कुणी सांगत नाही. म्हणून ट्रोपोनिन वाढलं की माणसाला दोन वेगळे आजार झाले असं वाटतं. बाबांना आजार एकच होता.

मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर लगेच तिथल्या लॅबने ट्रोपोनिन केलं. ९६. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "शून्य पॉइंट एकवीसवरून शहाण्णव? अगं, हे काय होतंय?" तोवर कुणीतरी दोन्ही रिपोर्टचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले होते आणि आकडा शेकडो पटींनी वाढल्याचं तिथे ठरूनही गेलं होतं.

वाढला नव्हता. पहिला रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरमध्ये होता, दुसरा नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये. एका लिटरात हजार मिलीलिटर, म्हणजे ०.२१चे झाले २१०. मग २१०वरून ९६ म्हणजे कमी झालं का? तेही नाही. पहिल्या ठिकाणी ट्रोपोनिन आय मोजलं होतं, दुसऱ्या ठिकाणी ट्रोपोनिन टी. ही दोन वेगळी प्रथिनं. ट्रोपोनिन आयच्या तर दोन कंपन्यांच्या किट्सचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकाची अँटिबॉडी प्रथिनाचा वेगळा भाग पकडते. नव्या रुग्णालयातल्या हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टीची मर्यादा होती १४. निरोगी लोकांपैकी ९९ टक्के ज्या आकड्याच्या खाली असतात, तो हा आकडा. बाबा त्याच्या बऱ्याच वर होते, एवढंच त्या घडीला म्हणता येत होतं. आधीचा रिपोर्ट बाजूला ठेवून इथून मोजणी नव्याने सुरू करायची, असं मी दादाला समजावलं आणि एक वही केली. तारीख, वेळ, ट्रोपोनिन, मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन, लॅक्टेट आणि रक्तदाब वर धरणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा डोस. डोस लिहायला आयसीयूतल्या सिस्टरांनी सुचवलं, आणि पुढे त्याच रकान्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

आयसीयूच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. मी लॅबमध्ये काम करते म्हटल्यावर त्या थोड्या खोलात शिरल्या. ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूच्या तंतूंवर असतं, कॅल्शियमच्या इशाऱ्यावर आकुंचन घडवणाऱ्या यंत्रणेचा तो भाग, हे मला पाठ होतं. पण रक्तवाहिनी बंद न होता ते सेप्सिसमध्ये रक्तात येतंच कसं? मॅडम म्हणाल्या, एक कारण नसतं. संसर्गामुळे रक्तात टीएनएफ, इंटरल्यूकिनसारखे दाह पेटवणारे रेणू उसळतात, नायट्रिक ऑक्साइड वाढतं, पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया नीट ऊर्जा तयार करू शकत नाहीत, पेशींची आवरणं सच्छिद्र होतात. वरून नाडी १३०, रक्तदाब तळाला, शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनचा पूर. हृदयाची मागणी वाढते आणि पुरवठा घटतो, म्हणून जुन्या अरुंद धमन्या असतील तर तिथेही इजा होते. मुख्य धमन्या मोकळ्या असतानाही ट्रोपोनिन चढू शकतं. सेप्सिसच्या अत्यवस्थ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांत ते वाढलेलं सापडतं.

"मग अटॅक नाहीच, असं नक्की म्हणायचं?" दादाने विचारलं.

"नक्की आकड्यावरून म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. "ट्रोपोनिन सांगतं की हृदयाच्या पेशींना इजा झालीय. कशामुळे झाली ते सांगत नाही. अटॅक म्हणायला इजेसोबत रक्तपुरवठा तुटल्याची खूण लागते. छातीतलं दुखणं, ईसीजीत होत जाणारा बदल, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, एका धमनीच्या हद्दीतला भाग हलेनासा होणं. त्यासाठीच ईसीजी पुन्हा पुन्हा काढतोय."

त्यांनी आमच्यासमोर पलंगाशेजारीच इको केला. बाबांचं हृदय सगळीकडून सारखंच मंद हलत होतं, कुठलाही एक भाग वेगळा पडलेला नव्हता. इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के. दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं साधारण ५५ ते ७० टक्के रक्त पुढे जायला हवं. ईसीजीतल्या उलट्या टी लहरी होत्या तशाच, पुढे सरकल्या नव्हत्या. अँजिओग्राफी आत्ता नको असं ठरलं. त्यात टोचायचं कॉन्ट्रास्ट नावाचं द्रव्य आधीच दमलेल्या मूत्रपिंडांना झेपलं नसतं आणि कमी प्लेटलेट्समध्ये रक्त पातळ करणं धोक्याचं होतं. दार मात्र बंद केलं नव्हतं. ईसीजी बदलला तर लगेच हृदयरोगतज्ज्ञ येणार होते.

खरं युद्ध वेगळ्याच ठिकाणी चाललं होतं. सोनोग्राफीत डावं मूत्रपिंड फुगलेलं दिसलं. मूत्रवाहिनीत खडा अडकला होता आणि त्याच्या मागे पू साचला होता. तो दाब मोकळा केल्याशिवाय अँटिबायोटिक कितीही भारी असलं तरी काम भागणार नव्हतं. त्याच रात्री यूरॉलॉजिस्टनी डीजे स्टेंट, म्हणजे लघवीला वाट करून देणारी बारीक नळी, घातला. 'स्टेंट टाकला' एवढंच ऐकून बाहेरच्या मंडळींनी हृदयातच टाकला असं समजून घेतलं. तो मूत्रवाहिनीत आहे हे एकेकाला समजावत फिरावं लागलं.

स्टेंटनंतर लॅक्टेट ४.८वरून ३.९ झालं आणि तिथेच अडकलं. हातपाय गार, लघवी जेमतेम. सलाइन वजनाच्या हिशेबाने जवळपास दोन लिटर देऊन झालं होतं, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन वाढवून सरासरी रक्तदाब ६५च्या वर राखला होता. इथे मला त्या इकोची किंमत कळली. रक्तदाब कागदावर ठीक दिसत होता, पण पंपच कमी पडत होता. मॅडमनी हृदयाचं आकुंचन वाढवणारं डोब्युटामिन अगदी थोड्या डोसवर चालू केलं आणि नाडीवर नजर ठेवली, कारण त्याने ठोके भरकटू शकतात. पहाटेपर्यंत लॅक्टेट २.७वर आलं. त्या रात्रीचा हा निर्णय ट्रोपोनिनने घेतला नव्हता. ट्रोपोनिनने फक्त हृदयाकडे बघायला लावलं. निर्णय झाला इको, लॅक्टेट आणि गार पडलेल्या तळपायांवरून.

ट्रोपोनिन दरम्यान ९६वरून १८८ झालं होतं. त्यानंतरचा रिपोर्ट आला १५१. दादाने मला मिठीच मारली. मी रिपोर्टचं दुसरं पान पाहिलं. त्याच सॅम्पलमध्ये पोटॅशियम ६.१, आणि खाली बारीक अक्षरांत शेरा: सॅम्पल हिमोलाइज्ड. म्हणजे रक्त काढताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या होत्या. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर येतं, म्हणून ते खोटं वाढतं. आणि या ट्रोपोनिन टी किटमध्ये त्याने आकडा खोटा कमी येतो. ट्रोपोनिन आयच्या काही किट्समध्ये नेमकं उलटं होतं. मी सिस्टरांना सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना विचारून आर्टेरियल लाइनमधून, म्हणजे धमनीत ठेवलेल्या नळीतून, पहिलं थोडं रक्त बाजूला काढून, ओढ न देता नवं सॅम्पल घेतलं. २०५. पोटॅशियम ४.६. दादाचा आनंद मावळला याचं मला वाईट वाटलं, पण खोट्या उताराच्या भरवशावर कुणी बेफिकीर व्हावं यापेक्षा हे बरं.

आणखी एक गोष्ट मी विचारून घेतली. बाबा पायांच्या मुंग्यांसाठी ज्या गोळ्या घेत होते त्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व होतं. रक्तातल्या जास्त बायोटिनमुळे काही किट्समध्ये ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली तसा इशाराही दिला होता. बाबांचा डोस लहान होता, किट सुधारलेलं होतं, त्यामुळे फरक पडला नसावा. पण आयसीयूत दाखल झालेल्या माणसाच्या घरच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांच्या हातात असायलाच हवी, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांसकट. ती आपल्याला औषधं वाटत नाहीत, म्हणून सांगायची राहून जातात.

एनटी-प्रोबीएनपीने आम्हाला सर्वांत जास्त छळलं. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की ती बीएनपी नावाचं हार्मोन सोडते. त्याचा पूर्ववर्ती रेणू तुटताना जो दुसरा तुकडा पडतो तो एनटी-प्रोबीएनपी. धाप लागून आलेल्या माणसात हा ३००च्या आत असला तर हार्ट फेल्युअर बहुधा नाही, असं आम्ही रोज पाहतो. बाबांचा पहिला आकडा होता ११,४००. पुढचा १९,८००, आणि तोही नेमका त्या दिवशी जेव्हा रक्तदाब सावरत होता, लॅक्टेट दोनच्या खाली आलं होतं, डोब्युटामिन बंद करायची भाषा सुरू झाली होती. वहीत एका ओळीत सगळं सुधारतंय आणि हा एकटाच आकाशाला भिडलेला. मी मॅडमना विचारलं, "डॉक्टर, हे कसं जुळवायचं?" त्यांनी वहीतल्या क्रिएटिनिनच्या रकान्यावर बोट ठेवलं. ३.४. एनटी-प्रोबीएनपी बाहेर टाकायचं काम बरंचसं मूत्रपिंडांचं, आणि तीच बसलेली होती. शिवाय सलाइनचा भार, वय आणि खुद्द सेप्सिसही तो वाढवतं. धाप घेऊन इमर्जन्सीत आलेल्या माणसांवरून काढलेल्या मर्यादा इथे जशाच्या तशा लावता येत नाहीत. त्या म्हणाल्या, "खूप कमी आला असता तर मला काहीतरी ठामपणे सांगता आलं असतं. एवढा जास्त आल्यावर तो मला फारसं नवं सांगत नाही." त्यानंतर त्यांनी ती तपासणी रोज करणं थांबवलं. मला हे फार पटलं. जो आकडा कळून उपचारात काही बदलणार नाही तो रोज मागायचा नाही, हे आम्हा लॅबवाल्यांना मनातून वाटत असतं, पण बोलायची सोय नसते.

सीके-एमबी, हृदयाच्या इजेची जुनी तपासणी, मॅडमनी मागवलीच नाही. हुडहुडीने थरथरलेल्या, स्नायू दुखावलेल्या माणसात ते अंगाच्या स्नायूंतूनही येतं, आणि ट्रोपोनिन हाताशी असताना ते फार भर घालत नाही.

रात्री बाहेर बसल्यावर दादा एकच विचारायचा, "किती आकडा आला की समजायचं ते वाचणार?" त्याला मी खोटं सांगितलं नाही. ट्रोपोनिन जितकं जास्त तितका धोका जास्त, असं सेप्सिसवरच्या अनेक अभ्यासांतून दिसतं. पण ते गटाबद्दलचं विधान आहे. समोरच्या एका माणसाचा निकाल त्यातून लागत नाही. बाबांचं ट्रोपोनिन २१४ला टेकलं आणि उतरू लागलं: १६३, मग ९२. त्याच सुमारास नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आधी निम्मं, मग बंद झालं. दोन्ही रकाने एकत्र उतरताना पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला. नुसतं ट्रोपोनिन उतरलं असतं आणि औषधाचा डोस चढत राहिला असता, तर आला नसता.

धीराचं दुसरं कारण मॅडमनी दिलं. १९८४ साली अमेरिकेत मार्गारेट पार्कर आणि जोसेफ पॅरिलो यांच्या गटाने सेप्टिक शॉकच्या २० रुग्णांची हृदयं किरणोत्सारी तंत्राने पुन्हा पुन्हा तपासली होती. जे जगले त्यांच्यापैकी अनेकांचं इजेक्शन फ्रॅक्शन सुरुवातीला खूप खाली गेलं होतं, कप्पे फुगले होते, आणि साधारण ७ ते १० दिवसांत ते पूर्ववत झालं. अटॅकमध्ये मेलेला स्नायू असा परतत नाही. सेप्सिसमधलं हृदय बऱ्याचदा बधिर झालेलं असतं, मेलेलं नसतं. मॅडमनी हे आश्वासन म्हणून सांगितलं नव्हतं, तसं त्यांनी स्पष्ट केलं. तरी आम्ही ते धरून ठेवलं.

बाबा शुद्धीवर आले तेव्हा कल्चरचा रिपोर्टही आला होता, ई. कोलाय नावाचे जंतू, आणि त्यानुसार अँटिबायोटिक बदलून साधं केलं होतं. बाबांनी विचारलं, "पोरी, माझ्या हृदयाला काय झालं म्हणतायत?" मी म्हटलं, "बाबा, तुमच्या लघवीतल्या संसर्गाने सगळं शरीर पेटलं होतं, त्यात हृदयही होरपळलं. आता सावरतंय." त्यांनी आणखी काही विचारलं नाही. पुढच्या इकोत इजेक्शन फ्रॅक्शन ५५ होतं. एनटी-प्रोबीएनपी मात्र क्रिएटिनिनच्या मागे मागे, अगदी सावकाश उतरलं.

घरी सोडताना ट्रोपोनिन ३१ होतं. मर्यादा १४, म्हणजे अजूनही 'पॉझिटिव्ह'. दादाला वाटलं काहीतरी राहिलंय. महिन्याभराने केलं तेव्हा २७, त्यानंतर २८. आजार ताजा असला की आकडा चढतो किंवा उतरतो. असा एकाच जागी २० टक्क्यांच्या आत रेंगाळला तर ती जुनी, टिकून राहिलेली इजा समजतात. वय, मधुमेह आणि पुरती न सावरलेली मूत्रपिंडं, या तिघांमुळे अनेकांचं ट्रोपोनिन कायम थोडं वर असतं. बाबांचं आजारपणाआधीचं ट्रोपोनिन आमच्याकडे नाही, त्यामुळे यातलं जुनं किती आणि सेप्सिसने मागे ठेवलेलं किती, याचा हिशेब लागणार नाही.

हृदयरोगतज्ज्ञांनी एवढ्यावर सोडून दिलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. सेप्सिसमधून उठलेल्या माणसांत नंतरच्या काळात हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हार्ट फेल्युअरचं प्रमाण वाढलेलं आढळतं, आणि बाबांना मधुमेह आहेच. खडा काढून, स्टेंट काढून, क्रिएटिनिन १.५वर स्थिरावल्यावर त्यांनी स्ट्रेस इको, म्हणजे हृदयावर ताण देऊन करायचा इको, केला. रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण दिसली नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू केली, साखरेची औषधं मूत्रपिंडांच्या हिशेबाने बदलली, फ्लू आणि न्यूमोकोकसची लस घ्यायला सांगितली.

मी विचारलं, "डॉक्टर, पुढचं ट्रोपोनिन कधी करू? मी लॅबमध्येच असते, दर महिन्याला सहज होईल."

"करू नका," ते म्हणाले. "त्रास नसताना करत राहिलात तर तो २५ आणि ३० यांच्यात हलत राहील आणि तुम्ही झोपणार नाही. २८ हा त्यांचा नेहमीचा आकडा म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे कधी इमर्जन्सीत यावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना तो लागेल, किटच्या नावासकट. छातीत दडपण, धाप, पायांना सूज आली तर या. आणि थंडी वाजून ताप आला, लघवी कमी झाली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर सकाळची वाट न बघता या."

हे सगळं पहिल्या पानावर लिहिलंय. एक प्रत दादाकडे आहे, एक बाबांच्या पाकिटात.